खालापूरची पांढरी वडी

सखा कुंभाराविषयी चार ओळी लिहायच्या म्हटल्या, तर त्यातल्या साडेतीन माझ्या मूर्खपणाच्याच होणार. त्याला माझा इलाज नाही. हा माणूस मला भेटला माझ्या गरजेपोटी, आणि कळला तो माझी पुरती शोभा झाल्यावर.

मी तेव्हा कर्जतच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. वय चोवीस, नावापुढं बी.एस्सी., आणि नाक इतकं वर की पायाखालचं शेण दिसू नये. गाव मला दिघेमास्तर म्हणायचं आणि ते 'मास्तर' ऐकलं की माझं तोंड कडू व्हायचं. मी मास्तर नव्हतोच हो! मी शास्त्रज्ञ होतो. एवढंच, की अजून कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीत मी मुंबईला माझ्या कॉलेजातल्या जुन्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा निघायची होती. एकच. ती मला मिळाली तर कर्जत सुटणार होतं, फळा सुटणार होता, आणि सातवीच्या पोरांना लोहचुंबक दाखवायचं सुटणार होतं. प्राध्यापकसाहेबांनी चहा पाजला आणि बेरियम टायटनेट नावाच्या पदार्थाची गोष्ट सांगितली. लढाईच्या धामधुमीत तीनचार देशांत लोकांनी तो आपापला शोधून काढला होता. दिसायला भाजलेल्या चिनीमातीसारखा. वीज त्याच्यातून म्हणून जायची नाही. पण त्याची चकती दोन पत्र्यांच्या मध्ये धरली, तर अभ्रकाच्या शेदोनशे पट वीज साठवून ठेवायची. रेडिओ बनवणारे त्याच्यासाठी जीव टाकत होते.

"आपल्याकडे कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही," साहेब म्हणाले. "दिघे, होळीपर्यंत मला एक चांगली वडी करून आणून दाखव. जागा तुझी."

मी उड्या मारत कर्जतला आलो. कृती कागदावर अगदी सोपी होती. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियमची पांढरी भुकटी ठरल्या मापात घोटायची, दाबून वडी करायची, आणि पांढऱ्या जाळात भाजायची. टायटॅनियमची भुकटी मुंबईच्या रंगवाल्याकडे मिळाली, पांढऱ्या रंगात तीच असते. बेरियम कार्बोनेट तर कर्जतच्या भाताच्या वखारीतच निघालं. ते उंदराचं औषध. वखारवाल्यानं शेरभर पुडीत बांधून दिलं आणि म्हणाला, "मास्तर, शाळेत एवढे उंदीर झाले?" मी त्याला उत्तर दिलं नाही. थोर लोक असल्या प्रश्नांना उत्तर देत नसतात अशी माझी समजूत होती.

राहता राहिली भट्टी. कुणीतरी सांगितलं, खालापूरला सखा कुंभाराकडे जा.

पाताळगंगेच्या काठाला त्याचं घर, घरापुढं चाक, मागं भट्टी. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटकुळा, डोक्याला मुंडासं, आणि तोंडात 'व्हय' हा एकच शब्द. उन्हाळ्यासाठी लाल माठ करायचा, दह्यातुपासाठी काळी लोटकी करायचा, आणि केलेलं प्रत्येक भांडं बोटाच्या पेरानं ठोकून कान लावून ऐकायचा. न पटलेलं भांडं तिथंच फोडायचा, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. पण माणसाला मात्र त्यानं कधी नाही म्हटलं नाही. गावचे पाटील एकदा अरुंद तोंडाचा रांजण मागायला आले. सखा 'व्हय' म्हणाला आणि रुंद तोंडाचा करून दिला. पाटलीण खूश झाली, कारण तिचा हात आत जाऊन रांजण घासता यायला लागला. पाटलांना वाटलं, आपणच रुंद सांगितला होता. सखाची बायको चिमा त्याच्या अगदी उलट. तिचं तोंड दिवसभर चालायचं आणि त्यातलं अर्धं दुसऱ्याच्या चुकांवर असायचं.

मी सायकल लावली, पुड्या काढल्या आणि हुकूम सोडला. "सखा, मला एक लहान भट्टी बांधून दे. लोहाराच्या भट्टीपेक्षा जास्त धग पाहिजे."

"व्हय," सखा म्हणाला.

"काय हाय त्या पुडीत?" चिमानं विचारलं.

"उंदराचं औषध."

"अगो बाई! आन ते माज्या मडक्यांच्या शेजारी?" तिनं पुडी दोन बोटांत धरून अंगणाच्या पार कडेला नेऊन ठेवली. त्यासाठी वेगळा खल, वेगळा बत्ता आणि वेगळी जागा लावून दिली, आणि मगच आम्हाला काम करू दिलं. त्या बाईनं तेवढी शिस्त लावली म्हणून आम्ही तिघं जिवंत राहिलो, हे मला पुढं फार उशिरा उमगलं.

भट्टीची माती सखानं भाताचं तूस घालून मळली. लोहाराकडून भाता आणला. खैराचा कोळसा आणला. मी दर रविवारी सायकलनं जायचो आणि सावलीत बसून व्याख्यान द्यायचो. एकदा सखा म्हणाला, "मास्तर, हे हाय तरी काय?" मला तर तेच हवं होतं. त्याच्याकडून मातीच्या गोळ्या वळून घेतल्या. मध्ये एक टायटॅनियम ठेवला. त्याच्या वर एक, खाली एक आणि चार बाजूंना चार, असे सहा ऑक्सिजन मांडले. आठ कोपऱ्यांना आठ मोठे गोळे, ते बेरियम.

"टायटॅनियमकडे बाहेरचे चार इलेक्ट्रॉन असतात," मी सुरू केलं. "ते तो ऑक्सिजनच्या हवाली करतो. पण पुरते नाही. थोडा वाटा दोघांत राहतो, म्हणून दोघं एकमेकांना धरून असतात."

"म्हंजे लेक दिली, पन माह्यार सुटलं नाय," चिमा भाता ओढता ओढता म्हणाली.

मला रागच आला. किती दिले आणि किती वाटून घेतले, यावर मोठमोठे लोक तेव्हा डोकं खाजवत होते, आणि ही बाई एका वाक्यात मोकळी!

"मंग वीज का जात नाय ह्याच्यातून?" सखानं विचारलं.

"कारण एकही इलेक्ट्रॉन मोकळा नाही. सगळे ऑक्सिजनपाशी अडकलेले. वर रिकाम्या जागा आहेत, पण इतक्या उंच की उडी पोचत नाही. मात्र मधला टायटॅनियम आपल्या घरात जरासा ढिला असतो. तो एका अंगाला कलतो, त्याच्या शेजारचाही त्याच अंगाला कलतो. म्हणून तर वीज साठते."

सखा गोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. "म्हंजे खुट्याला बांधलेली गुरं. वैरन दावली का समदी एका अंगाला वढ घेनार, पन रानात न्हाय जायाची." मग डोकं खाजवून म्हणाला, "आन एखादा खुटाच उपटला तर वो?"

"खुंटा उपटत नसतो," मी ठणकावलं.

"व्हय," सखा म्हणाला.

पहिली वडी भाजायची वेळ आली. मी ठरवलं की तिला धूळ, राख, कसली म्हणून घाण लागता कामा नये. म्हणून वडी लहान मडक्यात ठेवली, भोवती कोळशाची भुकटी ठासून भरली, वर झाकण ठेवलं आणि मातीनं तोंड लिंपायला लावलं. सखानं लिंपता लिंपता विचारलं, "तोंड बंदच?" मी म्हटलं, "अगदी बंद. वाऱ्याचा कण आत जाता कामा नये." तो 'व्हय' म्हणाला. चिमानं दुपारभर भाता ओढला. जाळ पिवळ्याचा पांढरा झाला. मी झाडाखाली बसून साहेबांना काय म्हणायचं त्याची तालीम केली.

पुढल्या रविवारी मडकं फोडलं तर आत निळसर काळा खडा! शाळेच्या कपाटातलं गॅल्व्हनोमीटर, म्हणजे वीज दाखवणारं काट्याचं यंत्र, मी बॅटरीसकट बरोबर आणलं होतं. तारा लावल्या मात्र, काटा धाडकन पार टोकाला जाऊन आपटला. वीज अडवणारी वडी करायला निघालो होतो, आणि ही तर वीज पळवत होती.

मी संतापलो. कुणावर? अर्थात सखावर. "तुझे हात! तुझ्या हातांची माती लागली तिला!" असं ओरडून मी ती वडी उकिरड्यावर फेकली. सखानं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. चिमानं तोंड उघडलं, पण सखानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती, कधी नव्हे ती, गप्प बसली.

दुसऱ्या खेपेला मी कार्बॉलिकचा साबण घेऊन गेलो. दोघांना नदीवर नेऊन तीन-तीनदा हात धुवायला लावले.

"मातीत हात घालायच्या आधी धुवायचे, ही रीत नवीच," चिमा म्हणाली.

"याला शास्त्र म्हणतात," मी म्हटलं. हो, खरंच म्हटलं असं.

वडी तशीच कोळशात पुरली, तोंड लिंपलं, भट्टी पेटल्यावर मी कर्जतला परतलो. आठवड्यानं आलो, मडकं फोडलं, कोळसा झटकला, आणि आतून दुधावरच्या सायीच्या रंगाची टणक वडी निघाली. तारा लावल्या. काटा जागचा हलला नाही. मी अंगणात नाचलो. "साबण!" मी ओरडलो. "सखा, साबण!"

"व्हय," सखा म्हणाला, आणि वडी पेरानं ठोकून कानाला लावली. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं, ते मी माझं कौतुक म्हणून घेतलं.

होळीच्या आधी पाच दिवस मी मुंबईत. साहेबांनी वडीच्या दोन्ही अंगांना चांदीचा लेप दिला, यंत्राला जोडली, आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. वीज साठवण्यात अभ्रकाचा आकडा सहा. माझ्या वडीचा अकराशे! साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या क्षणी मला कर्जत फार लहान दिसायला लागलं होतं.

"आता एक इथं माझ्यासमोर कर," ते म्हणाले. "म्हणजे मला कागदावर सही करता येईल."

"दोन गोष्टी सांभाळायच्या, सर," मी अधिकारानं बोललो. "तोंड पक्कं बंद आणि हात साबणानं तीनदा." साहेबांनी भुवया वर केल्या. मी प्रयोगशाळेच्या शिपायालासुद्धा हात धुवायला लावले. वडी केली, कोळशात ठासली, झाकण लिंपलं, त्यांच्या विजेच्या भट्टीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झाकण काढलं.

निळसर काळा खडा. साहेबांनी स्वतः तारा लावल्या. काटा टोकाला जाऊन आपटला, तो आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"दिघे," साहेब शांतपणे म्हणाले, "कोळसा जळायला काय लागतं?"

"ऑक्सिजन, सर."

"आणि बंद डबीत तो त्यानं कुठून घेतला?"

त्या वडीत वीज अडवून धरणारा कोण, तर ऑक्सिजन, हे मी खालापूरच्या अंगणात गोळ्या मांडून सांगितलं होतं. आणि मीच कोळशाला तिच्या बोडक्यावर बसवून तिच्यातला ऑक्सिजन खायला घातला होता. धरणारा गेला, मागं राहिलेले इलेक्ट्रॉन मोकाट सुटले. खुंटा उपटला तर, असं एका माणसानं मला विचारलंही होतं! बी.एस्सी.चा कागद प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाली टाकावा असं वाटलं.

"मग ही पांढरी कुणी केली?" साहेबांनी विचारलं.

"मीच," मी म्हणालो. लाज एकदा सोडली की माणूस भराभर पुढं जातो.

साहेबांनी दोन्ही वड्या माझ्यासमोर ठेवल्या. "घरी जा आणि नीट चौकशी कर," ते म्हणाले.

मी थेट खालापूर गाठलं. सखा माती तुडवत होता. मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेत राहिला. मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा चिमा म्हणाली, "सांगा की आता. किती दिवस तोंड दाबून बसाल?"

"मास्तर, रागावू नका," सखा खाली बघत म्हणाला. "काळं लोटकं कराया आमी भट्टीचं तोंड लिंपतो, आत धूर कोंडतो. लाल माठ पायजे तर वारा द्यावा लागतो. काळं झालेलं परत वाऱ्यात भाजलं, तर लाल व्हतं. तुमची वडी काळी निगाली, तवा मला वाटलं, हिला वारा कमी पडला. तुमी फेकलेली उचलली, उघड्या पसरट परळात ठेवली, भट्टीला खालून दोन भोकं पाडली आन परत भाजली. पांढरी झाली."

"आणि दुसरी?"

"तुमी सायकल काढली तसं मडकं भायेर वढलं, फोडलं आन वडी उघडीच भाजली. गार झाल्यावर कोळशात पुरली आन तोंड लिंपून ठेवलं. तुमी येऊन फोडनार व्हता ना."

"अरे पण मला सांगायचं नाही?"

"तुमची नोकरी अडली व्हती," सखा म्हणाला. "वडी पांढरी निगाल्याशी मतलब. कशी निगाली ते सांगून तुमाला वाईट कशाला वाटू द्यायचं?"

मला रडू यायला लागलं, ते मी खोकल्यावर नेलं.

साहेबांना खरं लिहायला मला आठ दिवस लागले. पहिल्या पत्रात 'स्थानिक कारागिराची किरकोळ मदत' असं होतं. दुसऱ्यात 'बरीच मदत' झालं. तिसऱ्यात मी 'आम्ही' असा शब्द वापरून पाहिला. चौथ्यात घडलं तसं लिहिलं आणि पुन्हा न वाचता टपालपेटीत टाकलं. मनात एक आशा होती, ती लपवत नाही. या प्रामाणिकपणावर भाळून साहेब मला जागा देतील, असं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत घडी घातलेलं एक पत्र आणि चिठ्ठी: 'हे सखाराम यांस द्यावे.' पत्र मी रस्त्यातच वाचलं. पळसदरीच्या पुढं सायकल थांबवून दगडावर बसलो आणि तीनदा वाचलं.

सखाला वाचता येत नव्हतं. चिमालाही नाही. हे मला त्या दगडावर बसल्या बसल्या फार सोयीचं वाटलं, ते कबूल करतो.

दोघं अंगणात बसली. मी पत्र उघडलं. "साहेबांनी तुझे आभार मानलेत," मी म्हणालो. "वडी चांगली होती म्हणतात."

"व्हय?" सखा खूश झाला.

चिमानं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "एवढंच? दोनी अंगांनी लिवलंय की वो."

तिनं पत्र परत माझ्या हातात दिलं. तिच्या नजरेत संशय नव्हता, तीच तर पंचाईत होती. संशय असता तर मी भांडलो असतो आणि निसटलो असतो. मी घसा साफ केला आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागलो.

"श्री. सखाराम यांस सप्रेम नमस्कार. आपण केलेली वडी मी तपासली. असा जिन्नस करताना हवा केव्हा द्यावी आणि किती द्यावी, हे आमच्याकडे कोणास हाताने ठाऊक नाही. ते आपणांस ठाऊक आहे. प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा आहे, ती आपण स्वीकारावी. राहण्याची सोय आवारात होईल, पत्नीसह यावे. चैत्र संपण्यापूर्वी आल्यास बरे. हे पत्र, ते आणणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घ्यावे."

आणणारे गृहस्थ. सबंध पत्रात माझा उल्लेख तेवढाच होता, तोही वाचला.

चिमानं पदर तोंडाला लावला. सखानं पत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आन तुमचं?" त्यानं विचारलं.

"जागा एकच होती," मी म्हणालो.

आता तो 'तुमची जागा मी कशी घेऊ, मी नाय जात' असं म्हणेल, म्हणून मी कान टवकारून बसलो. देवाशपथ, मी वाट बघत होतो. म्हण बाबा, म्हण एकदा. कुणालाही नाही न म्हणणारा माणूस तो. माझ्या जागेला नाही म्हणायला त्याला काय लागत होतं?

सखानं मुंडासं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. "कवा निगायचं म्हंतात? चैत्र संपायच्या आदी?"

"हो."

"मंग ही एवढी माठांची भट्टी उतरवतो आन निगतो."

मी मनातलं सगळं गिळलं. निदान मोठेपणा तरी पदरात पडावा म्हणून म्हणालो, "मी येतो तुमच्याबरोबर. साहेबांची ओळख करून देतो. पहिली भट्टी लावाल, तेव्हा शेजारी उभा राहतो, म्हणजे तुम्हाला बावरल्यासारखं व्हायला नको."

सखानं हातावरची सुकलेली माती खरवडली. मग फार हळू, मला लागू नये अशा बेतानं बोलला.

"मुंबईपोत्तर या, मास्तर. वळख पन करून द्या. पन भट्टी लावीन तवा आत नका येऊ. तुमी समोर असलाव, का मला चोरून करावं लागतं."

मी बरं म्हणालो आणि सायकल काढली.